समुद्रापर्यंत न पोचलेली नदी

विंडहूक, नामिबिया,
१८ जून

प्रिय दत्ता,

काल रात्री विंडहूकला परत पोचलो. नऊ रात्री गाडीच्या टपावरच्या तंबूत काढल्या, आता पलंगावर झोप येईना, म्हणून पहाटेच उठून तुला लिहायला बसलोय. वाळूच्या टेकड्यांचे फोटो तू बघितले असशीलच. पण फोटोत न आलेली एक गोष्ट तुलाच सांगायची आहे, कारण ती नदीची आहे.

नामिब वाळवंटात सेस्रीम म्हणून जागा आहे. वरून नुसता सपाट माळ, थेट आपल्या माणदेशासारखा. चार पावलं पुढं गेलं की पायाखाली एकदम भेग! किलोमीटरभर लांब आणि ३० मीटरपर्यंत खोल. त्साउचाब नदीनं कापलेली. आत उतरलो. दोन्ही भिंतींत गोटे रुतून बसलेत, कुणी हातानं लिंपल्यासारखे. एकावरून बोट फिरवलं, तर नदीतल्या गोट्यासारखाच गुळगुळीत. आणि आजूबाजूला ओलीचा पत्ता नाही. फक्त अरुंद टोकाला, सावलीत, हिरवट पाण्याचा एक डोह तग धरून होता.

सेस्रीम म्हणजे सहा वाद्या. पूर्वी बैलांच्या गाड्या घेऊन जाणारे लोक कातड्याच्या सहा वाद्या एकीला एक बांधायचे, तेव्हा कुठं बादली पाण्याला टेकायची. हे ऐकलं आणि तुमची मळ्यातली विहीर डोळ्यांपुढं आली. १९७२ च्या दुष्काळात मोटेच्या नाड्याला गोठ्यातली दावी जोडून आण्णांनी पोहरा सोडला होता, ते आपण किती वेळा ऐकलंय. मी त्या काठावर उभा राहून खाली बघत किती वेळ गेला, कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच नदीच्या मागं निघालो. रस्ता तिच्या कोरड्या पात्राला धरूनच जातो. दोन्ही बाजूंना टेकड्या, ऊन चढेल तशा जर्द तांबड्या होत गेलेल्या. ही वाळू ऑरेंज नदीनं समुद्राला दिलेली, थंड बेंग्वेला प्रवाहानं उत्तरेकडं ओढलेली, मग वाऱ्यानं पुन्हा जमिनीवर आणून टाकलेली. तिच्यातल्या लोखंडाला गंज चढतो, त्याचा तो रंग. म्हणजे ते वाळवंटसुद्धा एका नदीनंच वाहून आणलंय! शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू. टायरची हवा कमी केली आणि कुठं न थांबता गाडी काढली.

आणि मग नदी संपते. सॉससव्लेला, पांढऱ्या भेगाळ मातीच्या एका खळग्यात. समुद्र पुढं पन्नास-साठ किलोमीटरवर, पण टेकड्यांनी वाट अडवलीय. एखाद्या वर्षी भरपूर पाऊस झाला तरच पाणी इथवर येतं. शेजारच्या डेडव्लेला तर तेही नाही. एके काळी नदी तिथं जायची, मग वाळू सरकत आली, पाणी तुटलं आणि झाडं जागच्या जागी वाळली. सहा-सातशे वर्षं झाली, अजून उभी आहेत. कुजायलाही ओल लागते ना! झाडं कसली, तर बाभळीच्याच जातीची. एकीच्या अगदी जवळ गेलो. खोड कोळशासारखं काळं, त्यावरच्या उभ्या चिरा जशाच्या तशा, फांदीच्या टोकाचा पीळसुद्धा शाबूत. माणगंगेच्या काठाची बाभळ ओळखावी तशी मी ती ओळखली. पोटात कालवलं, दत्ता. लोक तिथं हसत फोटो काढत होते, मला जमेना.

पुढं कुइसेब नदीच्या वाटेवर टायर फुटला. खडीचाच रस्ता, आणि गाडी भाड्यानं देणाऱ्यांनी दिलेली स्टेपनीही बसकी निघाली. दीड तासानं एक म्हातारा शेतकरी पिकअप घेऊन आला. खाली उतरून पहिला प्रश्न, "पाणी आहे का?" टायरचं त्यानंतर. त्यानं हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत.

कुइसेबच्या दरीत दुसऱ्या महायुद्धात हेन्नो मार्टिन आणि हर्मान कॉर्न हे दोन जर्मन भूशास्त्रज्ञ अटक टाळायला लपले होते. सोबत कुत्रा, जवळ थोडं सामान. दोन वर्षांहून जास्त काळ शिकार करून राहिले, कॉर्न आजारी पडला तेव्हा बाहेर आले. वरून ती दरी बघितली, नुसत्या कातळाच्या घड्यांवर घड्या. प्यायला पाणी कुठं सापडत असेल, एवढंच मी शोधत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही ओढ्यातला गाळ काढत होता, तेव्हा मी एक दिवस येऊन परत गेलो. ते मला या सगळ्या प्रवासात टोचत होतं. येत्या मे महिन्यात आठ दिवस येतो, टिकाव-घमेलं माझ्यासाठी ठेव.

मृगाचा पाऊस झाला का तिकडं? ओढ्याला पाणी आलं की फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. वहिनींना नमस्कार. आण्णांना सहा वाद्यांची गोष्ट सांग, आणि विचार, त्या वर्षी नाड्याला किती दावी जोडावी लागली होती.

तुझा,
सुहास