पडद्यामागच्या शिंप्यांचीही दखल घ्या

महोदय,

मी हौशी नाटकांचे कपडे शिवते. हे वेड लागले ते ‘चांदोबा’मुळे. विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळापेक्षा मी त्याच्या शेल्याच्या चुण्याच जास्त बघायचे! पुढे आजीच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ उसवून तो शाळेच्या नाटकातल्या राजपुत्राच्या अंगरख्याला लावला. दिव्याखाली तो लालभडक काठ उठून दिसला, तेव्हाच माझी वाट ठरली.

मग चित्रपटांच्या वेशभूषाकार भानू अथैय्या कळल्या. मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. ‘आम्रपाली’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला होता. हे समजल्यावर मी अजिंठ्याला गेले आणि तिथल्या रेषारेषांच्या वस्त्रांची चित्रे वहीत काढून आणली. आजही कापड बेतण्याआधी ती वही उघडते.

आपल्या पुरवणीत नाट्य-चित्रपट परीक्षणे येतात, पण वेशभूषेवर जेमतेम एखादे वाक्य असते. त्याची वेगळी चर्चा व्हावी आणि वेशभूषाकाराचे नाव न चुकता छापले जावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली