सूचना : फ्लशची गळती आणि पंपाचे बिल

सर्व सभासदांस नमस्कार,

गेल्या रविवारी बी विंगमधल्या एका घरी प्लंबरने फ्लशच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा लाल रंग टाकला आणि फ्लश न करता पंधरा मिनिटे थांबला. कमोडमध्ये गुलाबी धार उतरली! आवाज नाही, ओल नाही, तरी पाणी रात्रंदिवस जात होते. वायसर बदलले, काम झाले. येत्या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या घरी हे करून पाहावे. रंग नसेल तर बीटचा रस चालेल.

पाण्याबरोबर वीजही जाते. हजार लिटर पाणी ३० मीटर वर गच्चीच्या टाकीत चढवायला नुसत्या हिशेबाने ०.०८ युनिट लागते. पंपात वाया जाणारी वीज धरली तर जवळपास दुप्पट. गिझरचे तर विचारूच नका. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिट! म्हणून गरम पाण्याचा नळ नाहक सोडून ठेवू नये. कोमट पाणी हवे तर गिझरचे तापमान कमी ठेवावे.

पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी फरशी पुसायला वापरावे. कुंड्यांना रोज घालू नये, त्यात क्षार जास्त असतात.

नळांना बसवायचे एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी पाण्यात भरून दाखवणारी तोंडाची जाळी) सोसायटी एकत्र मागवणार आहे. ज्यांना हवेत त्यांनी वॉचमनकडच्या वहीत फ्लॅट क्रमांक आणि नळांची संख्या शनिवारपर्यंत लिहावी. गेल्या वेळी वहीत नुसतेच ‘हवे’ लिहिले होते, किती ते कळेना.

– सचिव