क्रिएटिन आणि किडनी : आधी रिपोर्ट नीट वाचा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'क्रिएटिनने किडनी गेली' हा लेख वाचला. वाचला म्हणजे, ऐकावाच लागला. सासऱ्यांनी तो मोठ्यांदा अख्ख्या घराला ऐकवला, मग मुलाचा क्रिएटिनचा, म्हणजे जिमची पोरं ताकदीसाठी घेतात त्या पावडरचा, डबा उचलून देवघराच्या कपाटात ठेवला आणि वर कुलूप लावलं. किल्ली जानव्याला. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला माणूस. छापून आलं की त्यांच्यासाठी विषय संपला. सून पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिला विचारावं, हे काही कुणाला सुचलं नाही.

लेखातल्या त्या तरुणाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो आकडा, म्हणे जरा चढून १.४ आलं. एवढ्यावर किडनी गेली! अहो, स्नायूंमधल्या क्रिएटिनचं शेवटी जे होतं तेच क्रिएटिनिन. वरून क्रिएटिन घेणाऱ्याचा, किंवा नुसतंच अंग कमावलेल्याचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा वर दिसू शकतो. शंका आली तर डॉक्टर लघवीतलं प्रोटीन बघतात, सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच दुसरी रक्तचाचणी करायला सांगतात. आज सकाळी आमच्या काउंटरवर जिमच्या पोरांची रांग होती, तुमच्या कृपेने. एक तर व्यायाम करून घामाघूम तसाच आलेला. "मासी, किडनी गई के रही?" त्याला म्हटलं, आधी घरी जा, एक-दोन दिवस वजनं उचलू नकोस, मग ये, आणि रक्त देताना क्रिएटिन घेतोस ते सांग. जड व्यायामानंतर लगेच रक्त दिलं तरी आकडा चढतो. हे दोन ओळींत छापता आलं असतं.

'स्टिरॉइडचा धाकटा भाऊ' हे विशेषणही लेखकमहाशयांनी कुठून आणलं कोण जाणे. शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली क्रिएटिन मांसातून वेगळं काढलं. आपलं शरीर ते स्वतः रोज साधारण एक ग्रॅम बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून मिळतं. 'वाडा' या खेळांतल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या बंदी यादीत ते नाही. आमच्यासारख्या वरणभाताच्या घरात ते पोटात जातं कुठून? म्हणून शाकाहारी मुलांच्या स्नायूंत साठा कमीच असतो. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम पुरे, सुरुवातीला २० ग्रॅम ढोसायचीही गरज नाही. त्याने सेटमध्ये एखाद-दोन रेप्स, म्हणजे वजन उचलण्याच्या खेपा, जास्त निघतात; सोफ्यावर लोळून दंड फुगत नाहीत, हे मात्र आमच्या चिरंजीवांना अजून पटायचं आहे. किडनीचा आजार आधीच असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये, हेही खरं.

ज्याची खरी भीती वाटते त्यावर लेखात अवाक्षर नाही. आमच्या भागातल्या एका जिममध्ये ट्रेनर बिनलेबलची पावडर झिपच्या पिशवीतून विकतो. मुलाने आधी तीच आणली होती. पांढरी, कडवट, वर मार्करने फक्त 'पॉवर' लिहिलेलं. मी ती आल्या पावली परत पाठवली आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक असलेला डबा बिलासकट आणायला लावला. नेमका तोच डबा आज देवांच्या पहाऱ्यात आहे.

आणि त्याच पानावर, लेखाच्या बरोबर खाली, 'महिन्यात पहिलवान' करणाऱ्या चूर्णाची पाव पान जाहिरात! त्यात काय काय आहे याचा पत्ता नाही, फोन नंबर मात्र ठळक. सासऱ्यांनी तो नंबर लिहून ठेवलाय.

खुलासा छापणार असाल तर रविवारीच छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. इतर दिवशी आमच्याकडे फक्त निधनवार्ता आणि शब्दकोडं वाचलं जातं. शब्दकोड्यावरून आठवलं, त्याची उत्तरं हल्ली छापतच नाही का? आडवा सात गेल्या आठवड्यापासून अडलाय.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे