मॅडम, हे पत्र मी बोलून लिहितोय

मॅडम नमस्कार,

सांगोल्याहून लिहितोय, डाळिंबवाला. ज्या कडुनिंबाखाली तुम्ही स्कूटी लावायचात ते घर. तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण पत्र सगळ्यांपुढं टाकतोय कारण पोरगं वाचत नाही म्हणून त्याला मारणारे माझ्यासारखे बाप अजून लई आहेत. आणि हे मी हातानं लिहीत नाही, माईकचं बटण दाबून बोलतोय, फोन टाईप करतोय, पूर्णविराम तेवढे पोरीनं घातलेत. ते बटण तुम्हीच दाखवलेलं.

2019 ची दिवाळी झाली आणि तुम्ही गटसाधन केंद्रातनं, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रातनं, शाळेत आलात, पोरगा तेव्हा पाचवीत. त्याआधी तीन वर्षं एकच निरोप यायचा, लक्ष नाही, घरी अभ्यास घ्या. आता मी सातवी शिकलेला माणूस, माझा अभ्यास म्हणजे दरडावणं आणि नाही ऐकलं तर हात उचलणं. एकदा 'धरण'ला 'घरण' वाचलं तिसऱ्यांदा, मी वही फाडली त्याची. ते अजून डोळ्यापुढून जात नाही.

तुम्ही काय केलं तर पुस्तक त्याच्या हातातनं घेतलं, धडा स्वतः वाचून दाखवला आणि मग प्रश्न विचारले. पठ्ठ्यानं एक सोडून सगळी उत्तरं दिली. मी दारात उभा होतो मॅडम, माझा विश्वास बसेना. तुम्ही म्हणालात, याला समजतंय सगळं, अक्षर आणि आवाज यांची जोडी जमायला वेळ लागतोय, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. मग पाटीवर दाखवलंत की 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते पण बोलताना क आधी येतो, आणि र बघा, 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र'मध्ये पायाखाली जातो. एवढ्या वर्षात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हे घराण्यात चालत येऊ शकतं असं पण म्हणालात, तेव्हा मी काही बोललो नाही, घरी आल्यावर बायकोला सांगितलं की फवारणीच्या बाटलीवरचं मी तुला का वाचायला देतो ते आज कळलं.

सामान काय आणलं होतं तुम्ही, काळ्या पुठ्ठ्याला एक ओळ बसेल एवढी खिडकी कापलेली, ती धड्यावर सरकवत न्यायची म्हणजे खालच्या वरच्या ओळी डोळ्यात घुसत नाहीत. ताटात रवा पसरून बोटानं घ आणि ध, तोंडानं आवाज काढत. आणि फोन. सेटिंगमध्ये सिलेक्ट टू स्पीक चालू केलं, बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ घेतली, ज्या ओळीवर बोट ठेवू ती फोन मराठीत वाचायला लागला, स्पीड कमी करून दिलीत. पोरगा एका बाजूला ऐकतोय एका बाजूला ओळ बघतोय. माईकचं सांगितलंत की मराठीत बोलून टाईप करायची सोय 2017 पासून आहे, म्हणजे दोन वर्षं आमच्या खिशात होती आणि आम्हाला पत्ता नाही. मला वाटलं ही कॉपी झाली. तुम्ही म्हणालात चष्मा लावणं कॉपी आहे का. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पण तुमच्या आवाजातले धडे व्हॉट्सअॅपवर येत होते, आठवड्याला दोन तीन. डाळिंब तोडताना मी पण ऐकायचो, इतिहास मला पहिल्यांदा तेव्हा आवडला.

सर्टिफिकेटचं तर काय सांगू. एका दवाखान्यात चार हेलपाटे झाले, खिडकीवरचा माणूस म्हणाला पोरगा दिसायला तर धडधाकट आहे, याला कशाला पाहिजे अपंगाचं. पोरगा शेजारी उभा होता. मी परत निघालो होतो, तुम्ही फोनवर म्हणालात थांबा, 2016 चा कायदा आहे, त्यात 21 प्रकार आहेत, त्यात हे पण आहे, हक्कानं मागा. आधी डोळे कान तपासतील, मग बुद्धीची चाचणी, मग वाचन-लेखनाची, सगळं क्रमानं सांगून ठेवलंत म्हणून मी तिथं गोंधळलो नाही. 14 व्या वर्षी परत तपासणी लागते ते पण तुम्हीच आठवणीनं कळवलंत, तेव्हा तुमची बदली होऊन वर्ष झालं होतं. तुमची नोकरी कंत्राटी, पगार किती आणि कधी येतो ते मला माहितीय, तरी पेट्रोल स्वतःचं घालून वस्तीवर यायचात.

2025 च्या मार्चमध्ये दहावी दिली. नववीतला एक पोरगा लेखनिक, तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासाच्या पेपरला चार तास. हा सांगत होता, तो लिहित होता. बाहेर बायाबापड्या विचारत होत्या तुमचं पोरगं अजून आलं कसं नाही, आणि मी सांगत होतो त्याला वेळ जास्त आहे, सरकारनं दिलाय. लाज वाटली नाही सांगायला, पहिल्यांदा.

पास झाला. आता आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, वायरिंगचा डायग्राम बघितला की हात चालतो त्याचा, पुस्तक अजून कानानं वाचतो. स्पीड वाढवलीय, आता आम्हाला ऐकून समजत नाही इतकी.

आभार हा शब्द फोननं बरोबर टाईप केला पण तो मला अपुरा वाटतोय. तुम्ही पोरगा दिलात परत, आणि मला पण. बहार धरलाय, माल उतरला की एक पेटी तुमच्याकडं येईल, नको म्हणू नका.

अजून एक काम आहे. शेजारच्या वस्तीवर दुसरीतली एक पोर आहे, घ ध म भ सगळं तसंच करते. आमच्या पोरानं तिला पुठ्ठा कापून दिलाय, त्याची जुनी खिडकी झिजली होती म्हणून मापाला ती घेतली. पण तिच्या पुस्तकातली अक्षरं मोठी आहेत, तर खिडकी किती ठेवायची तेवढं फोन करून सांगा.

तुमचा,
कडुनिंबाच्या घरचा