बंद ठेवलेले बटण चालू कोणी केले?

सोलापूर
दि. २ एप्रिल २०२५

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

विषय : १९ जानेवारी २०२५ च्या पहाटेचे तीन परदेशी व्यवहार, एकूण ९०,४४७ रुपये ३२ पैसे, आणि आपले २४ मार्चचे नकारपत्र.

महोदय,

आपल्या २४ मार्चच्या पत्रात कामाचे वाक्य एकच आहे : 'सदर व्यवहार कार्डाच्या अचूक तपशिलानिशी झालेले असल्याने त्यांची जबाबदारी कार्डधारकाची राहते.' माझी तक्रार चार पानांची होती. तिच्यात मी एक प्रश्न विचारला होता, तो खाली रेघ मारून विचारला होता, आणि त्याला आपण हातही लावलेला नाही. म्हणून पुन्हा लिहितो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्किश टॉवेलच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे हिशेब लिहितो. सुताचे बिल, कामगारांचा पगार, दर डझनामागचा खर्च, सगळे माझ्या हातून जाते. रोजमेळ जुळला नाही तर रात्री जेवण गोड लागत नाही, अशातला माणूस आहे. कार्डाच्या बाबतीतही तसाच. कार्ड आले त्या दिवशी मागचे तीन आकडे पाठ केले आणि ब्लेडने खरवडून टाकले. पेट्रोल पंपावर कार्ड मी कुणाच्या हातात देत नाही, मशीन गाडीजवळ आणायला लावतो. कुठल्याही साइटवर कार्ड 'सेव्ह' करत नाही. ओटीपी सांगणे तर सोडाच, केवायसीच्या नावाने येणारे फोन मी 'शाखेत येतो' म्हणून ठेवून देतो. कार्डावरचा प्रत्येक खर्च एका लाल वहीत लिहितो आणि महिन्याचे स्टेटमेंट आले की पेन्सिलने टिक करतो. यावरून आमची पोरे घरात माझी चेष्टा करतात. नव्या पेठेत शेंगाचटणी घ्यायची तर रोख देणारा माणूस, असे माझ्याबद्दल कारखान्यातही बोलले जाते.

आता त्या पहाटेचे सांगतो.

आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येते, ते कधी येईल याचा नेम नसतो. त्या रविवारी पहाटे सव्वातीनला शेजारच्या मावशींनी 'पाणी आलंय!' म्हणून हाक मारली. मी मोटर लावायला खाली गेलो, उजेडासाठी मोबाइल हातात होता. हौदात पाइप सोडला आणि मोबाइलवर पाहतो तर आपल्या बँकेचे दोन एसएमएस. एक ३ वाजून १२ मिनिटांचा, १ डॉलर. दुसरा ३ वाजून १४ मिनिटांचा, ४१२ डॉलर. विक्रेत्याचे नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता काला, त्यातून कसलाही अर्थ लागला नाही. ओटीपी आलेला नव्हता. कुणाचा फोन आलेला नव्हता. मी कुठल्या लिंकवर बोट ठेवलेले नव्हते. बोट होते पाण्याच्या पाइपवर.

ओल्या बोटाने स्क्रीन उघडेना. लुंगीला हात पुसून आधी त्या एसएमएसलाच 'हा व्यवहार माझा नाही' असे उत्तर पाठवले. ते गेलेच नाही, कारण आपला एसएमएस ज्या नावाने येतो त्याला उत्तर देता येत नाही. (रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला अशा एसएमएसला लगेच 'रिप्लाय' करता आला पाहिजे असे लिहिलेले आहे. आपण ते वाचले असेलच.) मग ३ वाजून २२ मिनिटांनी कार्डामागचा नंबर लावला. भाषा निवडा. सोळा आकडे टाका. चुकले, पुन्हा टाका. नव्या योजनेसाठी अमुक दाबा. त्यानंतर सनई. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' हौद भरून पाणी अंगणात वाहू लागले, बायको वरून ओरडत होती, 'अहो, मोटर तरी बंद करा!' आणि मी कानाला फोन लावून सनई ऐकत उभा.

३ वाजून ३१ मिनिटांनी, म्हणजे मी आपल्याच फोनवर ताटकळत असताना, तिसरा व्यवहार झाला. ५९० डॉलर.

माणूस बोलला ३ वाजून ३८ मिनिटांनी. कार्ड बंद झाले ३ वाजून ४० ला. माझ्या मोबाइलची कॉल नोंद सोबत जोडली आहे, आपल्याकडे रेकॉर्डिंग असेल ते काढून पाहा. पहिल्या दोन व्यवहारांचे काय व्हायचे ते होवो. तिसरा, ५१,०९४ रुपयांचा, तरी माझ्या माथी कसा मारता? चोर घरात शिरला म्हणून मी दारात उभा राहून पहारेकऱ्याला हाका मारतोय, पहारेकरी सनई लावून बसलाय, आणि दुसऱ्या दिवशी पावती माझ्या नावाने.

आता त्या रेघ मारलेल्या प्रश्नाकडे येतो.

परदेशी व्यवहाराचे बटण मी माझ्या कार्डावर कायम बंद ठेवत आलो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते कसे बंद करायचे हे मेहुण्याला समजावे म्हणून मी माझ्याच ॲपच्या पडद्याचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तारखेसह तो संदेश अजून आहे, त्याची प्रत जोडतो. मग बंद दारातून डॉलर गेले कसे? कार्ड बंद झाल्यावर मी ॲप उघडले. देशी ऑनलाइन, परदेशी ऑनलाइन, टॅप करून पैसे देणे, परदेशी एटीएम : चारही बटणे हिरवी. ३ वाजून ५१ ला स्क्रीनशॉट घेतला. खाली अंगणात पाणी साचलेले, वर हातात हे हिरवे दिवे.

उलगडा मला दोन दिवसांनी, लाल वही चाळताना झाला. माझ्या जुन्या कार्डाची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपत होती. नवे कार्ड कुरिअरने ९ डिसेंबरला आले. मी त्याचा पिन ठेवला, बाकी कशालाही हात लावला नाही. जुन्या कार्डाची बटणे नव्यावर तशीच येतील असे समजलो. २८ डिसेंबरला मुलीचे मुंबईला जायचे सिद्धेश्वर एक्सप्रेसचे तिकीट त्याच नव्या कार्डावर ऑनलाइन काढले, आणि ते पहिल्या फटक्यात निघाले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. माझी चूक कुठे असेल तर एवढीच, आणि ती मी लपवत नाही. कारण रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे नवे किंवा बदलून दिलेले कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरते चालू असायला हवे. ऑनलाइन, परदेशी, टॅप, यातले काहीही ग्राहकाने स्वतः चालू केल्याशिवाय चालू होता कामा नये. मी काही चालू केले नव्हते, तरी तिकीट निघाले. म्हणजे आपण ते कार्ड चारही दारे सताड उघडून माझ्या घरी पाठवले. पुरावा माझ्या वहीत नाही, आपल्याच स्टेटमेंटमध्ये २८ डिसेंबरच्या ओळीत आहे.

तेव्हा प्रश्न एवढाच : माझ्या नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार कोणी, कधी आणि कुठून चालू केले? ही नोंद आपल्या यंत्रणेत असतेच. ती द्या. मी चालू केले असे त्यात निघाले तर मी पैसे भरतो आणि माफीही मागतो. सायबर पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला गेलो तेव्हा तिथल्या हवालदारांनी स्क्रीनशॉट पाहून पहिला प्रश्न हाच विचारला होता, 'साहेब, हे चालू कुणी केलं?' त्यांना पाच मिनिटांत जे सुचले ते आपल्या तपास विभागाला दोन महिन्यांत सुचले नाही. (सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार त्याच सकाळी नोंदवली आहे, पोच जोडली आहे.)

'अचूक तपशील' याबद्दलही थोडे. कार्ड नंबराचे सुरुवातीचे आकडे कार्ड कोणत्या बँकेचे, कोणत्या प्रकारचे हे सांगतात, शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने निघतो. मधले आकडे आणि मुदत संगणकाला अंदाजाने शोधून काढता येतात, आणि लागले की नाही हे पाहायला आधी १ डॉलरचा खडा टाकून बघतात. हे मला कारखान्याच्या मालकांच्या संगणक शिकलेल्या मुलाने समजावून सांगितले. माझा नंबर असाच गेला की आणखी कुठून, मला माहीत नाही, आणि ते शोधणे माझे काम नाही. देशातल्या व्यवहाराला ओटीपी लागतो, परदेशातल्या बऱ्याच साइटना तो लागत नाही, म्हणून तर ते बटण बंद ठेवायचे असते. चोराकडे माझ्या घराची किल्ली होती एवढ्यावरून ती मी दिली असे ठरत नाही. त्याच २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, यंत्रणेत तिसरीकडेच असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तरी शून्य. मी दुसऱ्या एसएमएसनंतर आठव्या मिनिटाला फोन लावला होता.

पैशांचे पुढे काय झाले तेही पाहा. तक्रारीपासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते. चौथा शनिवार आणि रविवार वगळून तो दिवस ३१ जानेवारी. आपण जमा केली १७ फेब्रुवारीला, तीही माझ्या दोन ईमेलनंतर. २४ मार्चला ती परत काढून घेतली आणि वर व्याज आणि उशिराचा दंड लावला. चोरीच्या ८६,८६० रुपयांवर साडेतीन टक्के परकीय चलनाचे शुल्क ३,०४० रुपये १० पैसे आणि त्यावर जीएसटी ५४७ रुपये २२ पैसे आपण आधीच लावले होते. म्हणजे माझ्या घरी चोरी झाली त्यात आपली दलालीही सुटली. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणताही आकार लावता येत नाही, असे क्रेडिट कार्डांबाबतच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आहे.

हे सगळे कागदाचे झाले. यापुढचे लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

२८ मार्चला आपल्या वसुलीच्या माणसाने कारखान्याच्या लँडलाइनवर फोन केला. तो मालकांनी उचलला. पलीकडून 'तुमच्याकडचा अमुक थकबाकीदार आहे ना, त्याला द्या' असे म्हटले गेले. मालकांनी काही न बोलता रिसीव्हर माझ्याकडे केला. वर्षअखेरचे दिवस, टेबलावर खतावण्या पसरलेल्या, समोर सुताचे व्यापारी हिशेबाला बसलेले. सत्तावीस वर्षांत या टेबलावर एका रुपयाची तूट निघाली नाही. मी फोन घेऊन 'बोला' म्हणालो, एवढेच. मालक नंतरही काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी रोकड मोजताना ते पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. ते त्यांनी सहज केले असेल. मला ते सहज वाटले नाही. आणि हा फोन नंबर मी कार्डाचा अर्ज भरताना नोकरीची खात्री करण्यासाठी दिला होता, वसुलीसाठी नाही.

माझे मागणे असे. ९०,४४७ रुपये ३२ पैसे आणि त्यावर लावलेले सगळे व्याज व दंड १९ जानेवारीपासून रद्द करावेत. बटणांची नोंद, म्हणजे चारही सुविधा नव्या कार्डावर कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी आणि कोणाच्या सूचनेवरून चालू झाल्या, ती लेखी द्यावी. या वादातली रक्कम थकबाकी म्हणून सिबिलकडे कळवली असेल तर ती दुरुस्त करून तसे पत्र मला द्यावे. वसुलीचे फोन आजपासून बंद व्हावेत. आणि कारखान्याच्या पत्त्यावर, मालकांच्या नावाने, २८ मार्चचा फोन चुकीचा होता एवढे दोन ओळींचे पत्र पाठवावे. पैशांपेक्षा मला हे शेवटचे जास्त हवे आहे.

माझ्या १९ जानेवारीच्या तक्रारीला ९० दिवस १९ एप्रिलला पुरे होतात. त्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही, किंवा पुन्हा 'अचूक तपशील' एवढेच आले, तर हीच कागदपत्रे मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे पाठवीन. त्याला फी लागत नाही आणि कागद लावून तयार आहेत.

माझ्या चालू महिन्याच्या खऱ्या खर्चाचे ६,२१८ रुपये मी मुदतीच्या आत भरले आहेत, पावती जोडली आहे. नवे कार्ड नको. बंद झालेल्या कार्डाचे चार तुकडे पाकिटात आहेत.

आपला,
(सही)
कार्डधारक

सोबत : कॉल नोंद, तीन एसएमएस, ३ वाजून ५१ चा स्क्रीनशॉट, २०२२ चा व्हॉट्सॲप फोटो, डिसेंबर ते मार्चची स्टेटमेंट, १९३० ची पोच, पोलिसांकडील अर्जाची प्रत, खऱ्या खर्चाच्या भरण्याची पावती, लाल वहीच्या दोन पानांची झेरॉक्स.