भरती न येणाऱ्या समुद्रावरून

तीर्थरूप आई आणि बाबा,

शि. सा. नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही म्हणालात, “मालवणची पोर समुद्र बघायला पैसे घालून ग्रीसला जाते, कमाल आहे!” मागून आई हसली, तेही ऐकू आलं. तेव्हा ऑफिसात होते म्हणून विषय सोडून दिला. आता बसून नीट उत्तर लिहिते. फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईच्या “जेवलीस काय?”पाशीच गाडी अडली असती.

यंदा दसऱ्याला लागूनच जर्मनीची ३ ऑक्टोबरची सुट्टी आली, पुढे शनिवार-रविवार होता, थोडी रजा टाकली आणि मिलोस नावाच्या बेटावर गेले. अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरातून तिकडे जहाजं सुटतात. सगळी दुनिया सँटोरिनी या दुसऱ्या ग्रीक बेटावर जाते. मिलोसही ज्वालामुखीतूनच निघालेलं, पण त्या मानाने शांत. बेटाच्या पोटात समुद्र खोल शिरलाय, त्यामुळे भूमध्य समुद्रातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक तिथे आयतंच तयार झालंय. त्याच्या काठावर अदामास हे गाव. तिथून निघणाऱ्या एका शिडाच्या यॉटवर मी जागा घेतली होती. बाकीचे प्रवासी अनोळखी. बोट हाकणारी तांडेल एक बाई, पन्नाशीची, कामापुरतं बोलणारी. बाबा, तुमचं आणि तिचं जमलं असतं.

अदामासच्या धक्क्यावर मी तुमचं गणित करून बघितलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशी, अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठला पुरी भरती. सव्वाआठ वाजले, साडेनऊ वाजले, धक्क्याच्या दगडावरची ओली रेघ काही जागची हलेना! भूमध्य समुद्राला मोठी भरती नसते हे शाळेत वाचलं होतं, पण वाचणं निराळं. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात चिंचोळी आहे तिथे १४ किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, त्या फटीतून महासागराची भरती आत येऊन येऊन येणार किती? आणि हा समुद्र स्वतःची भरती उठवण्याइतका मोठाही नाही. इथे पाणी चढलं-उतरलं तर वीतभर. ज्या माणसाने बंदर खात्यात नोकरीची सगळी वर्षं भरती-ओहोटीचा तक्ता भिंतीला लावून काढली, त्याला हे दाखवायला हवं असं तिथल्या तिथे वाटलं.

कारण त्याने सगळंच बदलतं. आपल्याकडे ओहोटीला जेटीवरून होडीत उतरायचं म्हणजे कसरत असते. इथे यॉट सहसा धक्क्याला आडवी लावत नाहीत. पुढचा नांगर लांबवर पाण्यात सोडायचा, मग बोट उलटी मागे घेत धक्क्याला पाठ टेकवायची, मागून दोन दोर बांधायचे आणि एक फळी टाकायची. झालं. रात्रभर ती फळी तशीच राहते, कारण पाणी खाली जाणारच नाही. तांडेलबाईने मला नांगराची साखळी सोडायला लावली. किती साखळी गेली हे तिच्यावर रंगवलेल्या खुणांवरून मोजायचं, आणि खोली असेल त्याच्या चार-पाचपट तरी सोडायची. साखळी आडवी पडली तरच नांगर धरतो, हे मला सांगावं लागलं नाही. कुणाची मुलगी आहे मी!

आणि क्लिमा. बाबा, या एका गावासाठी तरी तुम्ही यायला हवं. खाडीच्या उतारावर, अगदी पाण्याला खेटून कोळ्यांच्या घरांची एकच रांग आहे. खालचा मजला होडीचा, मऊ खडकात आत कोरत नेलेला, आणि वर माणसं. त्याला सिर्माता म्हणतात. दारं लाल, निळी, हिरवी, पिवळी. दार उघडलं की होडी सरळ पाण्यात. दांडीच्या किनाऱ्यावर कुणी असं घर बांधलं तर पहिल्या पौर्णिमेला चूल विझेल. इथेही हिवाळ्यात लाटा दारावर धडकतात म्हणे, पण रोजचं पाणी उंबऱ्याची मर्यादा पाळतं. आम्ही संध्याकाळी समोर बोट थांबवली तेव्हा एक म्हातारा पायरीवर बसून जाळं विणत होता, आणि वरच्या गॅलरीत परदेशी पाहुणे स्वतःचे फोटो काढत होते. बरीच घरं आता सुट्टीवाल्यांना भाड्याने देतात. तारकर्लीला राहून हे तुम्हाला नवीन नाही.

आता वारा. आई, हे वाचून घाबरू नकोस, मी आता घरी आहे. आपल्याकडे वादळ आधी ढगात दिसतं. इथे आकाश लख्ख निळं, एक ढग नाही, आणि समुद्र मात्र पांढरा फेसाळलेला. उन्हाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या या वाऱ्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो. फार वाढला की बंदरवाले जहाजांना सुटू देत नाहीत, आणि लोक बेटावर अडकून पडतात. बाबा, हा वारा तुमच्या ओळखीचा निघाला. उन्हाळ्यात आपल्या उपखंडावर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि पाऊस ओढून आणतो, त्याचं पश्चिमेकडचं टोक इराणवरून पार तुर्कस्तानापर्यंत पोहोचतं. दुसरीकडे बाल्कन देशांवर दाब जास्त असतो. या दोघांच्या मधे मिलोसचा हा एजियन समुद्र, म्हणून तिथे वारा सुटतो. आपल्याकडे पाऊस परतीला लागतो त्या सुमारास याचाही जोर ओसरतो. म्हणजे तुम्ही ओट्यावर बसून मोसमाची वाट बघता, त्याच गोष्टीची दुसरी बाजू इथले कोळी सोसतात. आमच्या वाट्याला त्याचं शेपूट आलं, तेवढंही पुरे होतं. इंजिन बंद करून शीड भरलं तेव्हा बोट अशी कलली की स्वयंपाकघरातले टोप कप्प्यात खडखडायला लागले. एक जर्मन गृहस्थ हिरवे पडले. मी आल्याचा तुकडा चघळत बसले होते, आई, तुझाच उपाय.

वारा उत्तरेचा म्हणून बाई दक्षिणेला घेऊन गेली. डोंगराच्या आडोशाला पाणी शांत. म्हणूनच साराकिनिकोचा पांढरा खडक, ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात, तो बोटीतून बघायला मिळाला नाही. तो उत्तर किनाऱ्यावर आहे. नंतर गाडीने गेले. सुंदर आहे, पण माणसांच्या गर्दीत खडक शोधावा लागतो.

बेटाचा पश्चिम भाग जवळजवळ ओसाड, वर प्रोफितिस इलियास हा ७४८ मीटरचा डोंगर. त्याला वळसा घालून नैर्ऋत्येला क्लेफ्तिको लागतं. पांढरे कडे, पाण्यातून उठलेले सुळके, आरपार कमानी, गुहा. जमिनीवरून तिथे जाणं जिकिरीचं, बहुतेक लोक बोटीनेच येतात. पूर्वी चाचे इथे लपत असं सांगतात, आणि जागा बघितली की पटतं. दिवसाच्या सहलींच्या बोटी यायच्या आत आम्ही पोहोचलो. नांगर टाकण्याआधी बाई बराच वेळ पाण्यात बघत गोल फिरली. पाण्याखाली पोसिडोनिया नावाच्या गवताची कुरणं असतात, तिथे नांगर टाकला की ती मुळासकट उपटली जातात आणि परत वाढायला खूप वर्षं लागतात. गडद डाग म्हणजे गवत, फिकट निळा म्हणजे वाळू, नांगर वाळूतच.

पाणी किती स्वच्छ म्हणाल, तर बोटीची सावली तळावर दिसत होती. मी गुहेत पोहत गेले. पण मासे बघायला गेले आणि मोजकेच दिसले. विचारलं तर बाई म्हणाली, पाण्यात खायला काही नाही. बरोबरच आहे. भूमध्य समुद्राचा हा पूर्वेकडचा भाग जगातल्या सगळ्यात उपाशी पाण्यांपैकी एक आहे. नद्यांचा गाळ नाही, सूक्ष्म जीव कमी, म्हणून पाणी आरशासारखं. आपला समुद्र मातकट दिसतो तो भरल्या पोटाचा आहे, बाबा. तुम्ही हेच म्हणत होतात, फक्त मला ते इथे येऊन कळलं. रात्री जेवताना मासळीचा भाव बघितला आणि भाजलेली वांगी मागवली. बांगड्याची किंमत तिथे समजते!

आई, जेवणाचं विचारशीलच. मिलोसला कलिंगडाचा एक भाजलेला गोड पदार्थ करतात, कार्पुझोपिता. कलिंगडाचा गर, पीठ, मध, दालचिनी, वरून तीळ. तुझ्या काकडीच्या तवसोळीची सख्खी बहीण. फक्त गूळ-खोबरं नाही, म्हणून मला थोडी अपुरी वाटली, पण दोन तुकडे खाल्ले.

आणखी एक सांगायचं राहिलं. या बेटावर ऑब्सिडियन नावाचा काळा, काचेसारखा दगड मिळतो. फोडला की वस्तऱ्यासारखी धार येते. मिलोसचा हा दगड मुख्य भूमीवरच्या फ्रांखथी गुहेत सापडलाय, आणि तोही १०,००० वर्षांहून जुन्या थरांत. म्हणजे तेव्हा, तिकडे शेतीही नव्हती तेव्हा, कुणीतरी समुद्र ओलांडून इथे येऊन दगड नेत होतं. कसल्या होड्या असतील? मी बाईला विचारलं, तिने खांदे उडवले. तुमचं काय मत? बाकी, व्हीनसचा तो प्रसिद्ध पुतळा १८२० साली इथल्याच शेतात निघाला आणि फ्रान्सला गेला. गावच्या संग्रहालयात आता नक्कल आहे. बेंटोनाइट आणि पर्लाइट या खनिजांच्या खाणी अजून चालतात. बोटीवरून तो कापलेला डोंगर दिसला की आपल्या रेडीच्या खाणींची आठवण येते.

आता मुद्द्याचं. बाबा, पुढच्या वर्षी आंब्याचं आटोपलं की, पाऊस लागायच्या आत, तुम्ही दोघांनी यायचं. मेल्तेमीही तेव्हा जोरात नसतो. यॉटवर राहायचं नाही: झोपायची जागा अरुंद, पायऱ्या उभ्या, गोड्या पाण्याची मोजणी आणि ती फळी आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. अदामासला तळमजल्यावर खोली घेऊ आणि एक दिवस मोठ्या बोटीने क्लेफ्तिकोला जाऊ. कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढा आणि मुदत बघा. व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी मुदत उरलेली लागते. आईचा संपत आला असेल असं मला वाटतंय. पहिल्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, पण या वेळी सरळ धरून, अंगठा मधे न आणता.

तुमची,
धाकटी