तक्रार वहीचं पान

नाशिक,
14 डिसेंबर 2025

प्रिय पक्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू मध्येच हसायला लागतोस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितोय. दिवाळीला तुझा एवढा लांबलचक मेसेज आला आणि मी नुसता अंगठा पाठवला. त्याबद्दल काय शिव्या घालायच्या त्या एकदाच घाल आणि पुढं वाच. तब्येत ठीक. शुगर होती तिथंच आहे, निफाडचा पारा रोज पेपरात खाली खाली चाललाय आणि त्याबरोबर माझे गुडघे. संपली तब्येत.

तर, मला बदनामीची नोटीस आलीय. पाच लाखांची.

झालं हसून? ऐक आता. ताईच्या धाकट्याचं लग्न 30 नोव्हेंबरला झालं. (तू आला नाहीस. ताईनं दोनदा विचारलं. मी तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगून वेळ मारून नेली, तेव्हा आता निदान ते ऑपरेशन करून तरी घे.) सोलापूरच्या मंडळींसाठी मी मुंबई नाक्याजवळ चार खोल्या घेतल्या होत्या, पैसे आगाऊ भरून. हॉटेलचं नाव लिहीत नाही, वकिलानं सांगितलंय आता कागदावर काही नको. सिंहस्थ येणार म्हणून गावातली यच्चयावत हॉटेलं रंगरंगोटी काढून बसलीत, त्यातलंच एक. समोरून काच, मागून जनरेटर.

शनिवारी दुपारी वऱ्हाड पोचलं तर खोल्या तीनच. चौथी म्हणे 'मेंटेनन्सला'. तासभर हुज्जत घातल्यावर जी दिली तिची खिडकी उघडली की जनरेटरचा धूर आत. गरम पाणी सकाळी 6 ते 7. लग्नघरचे सोळा लोक आणि एक तास! भावजींनी मांडवात येऊन सगळ्यांसमोर मला विचारलं, "अंघोळीचे टोकन काढलेत का?" तरी मी गप्प बसलो. लग्नात कोण भांडत बसतो?

सोमवारी सकाळी खोल्या सोडताना डिपॉझिटच्या 2000 मधले 1500 कापले. कारण काय, तर चादरीवर हळदीचा डाग.

आता मजा बघ. ताईच्या नातीचा एक फोटो आहे. पलंगावर उभी, जीभ बाहेर, दोन्ही हात वर. खोलीत शिरल्या शिरल्या भाच्यानं काढलेला, शनिवार, दुपारी 4 वाजून 12 मिनिटं. आणि तिच्या डाव्या पायापाशी चादरीवर तोच डाग, घोड्याच्या नालेसारखा, एका बाजूनं तुटलेला. आमची हळद संध्याकाळी सातला लागली रे! मी फोटो मॅनेजरसमोर धरला. त्यानं तो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर सारला आणि म्हणाला, "सर, हा वेगळा डाग आहे."

मी त्या रात्री रिव्ह्यू लिहिला. मराठीत, अकरा ओळी. स्टार दोन दिले, त्यातला एक तिथल्या चहावाल्या पोऱ्याचा, त्यानं आजोबांना रात्री स्वतःचं ब्लँकेट आणून दिलं होतं. शेवटची ओळ मात्र रागात गेली: 'हे लोक चोर आहेत.' ती ओळ लक्षात ठेव.

मंगळवारी मालकाचं उत्तर आलं, रिव्ह्यूखालीच, जगजाहीर. त्यात भाच्याचं आडनावासकट नाव, गाडीचा नंबर, आणि 'खोली क्र. 104 मधील आपले पाहुणे रात्री दोनपर्यंत मद्यपान करून गोंधळ घालत होते.' पक्या, 104 मध्ये ताईचे सासरे होते. वय 84. आठला कवळी काढून झोपतात.

आपण हसतो, पण ते संगमनेरला व्याह्यांनी वाचलं. नव्या सुनेच्या बापानं. त्यांचा ताईला फोन आला, अगदी सभ्य आवाजात: "पोरं आहेत, मजा करणारच, आमचं काही म्हणणं नाही." काही म्हणणं नाही म्हणजे काय ते तुला कळतं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, 1500 रुपये मी दिले असते तुला.

एवढ्यावर थांबले असते तर मी चरफडून गप्प बसलो असतो. बुधवारी रात्री अकरा ते बारा या एका तासात हिच्या पोळीभाजी केंद्रावर एक-एक स्टारचे नऊ रिव्ह्यू पडले. सुरत, इंदूर, कुठली कुठली नावं. 'पोळीत केस.' 'मालकीण उद्धट.' (हे तू लिहिलं असशील अशी मला पाच मिनिटं शंका होती.) एकानं लिहिलंय, 'मटण शिळं होतं.' अरे, ही कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वेगळ्या पातेल्यात करते! नऊपैकी चार तक्रार केल्यावर निघाले, पाच अजून आहेत. आधी ही सकाळी उठून कणीक मळायची, आता आधी फोन बघते. मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं.

आणि 10 तारखेला नोटीस. सात दिवसांत रिव्ह्यू काढा, बिनशर्त माफी मागा, नाहीतर पाच लाखांचा दावा आणि वर फौजदारी. मुदत येत्या बुधवारी संपते.

मग मी आपल्या वकील ढापण्याकडं गेलो. त्याचं आता कोर्टाजवळ ऑफिस आहे, बाहेर तीन पाट्या, आत एक पंखा. फी घेतली नाही, पण मिसळ, वर ताक आणि पुन्हा मिसळ माझ्याकडून खाल्ली. तर्री मागून घेताना म्हणाला, नोटीस म्हणजे खटला नव्हे, वकिलाच्या लेटरहेडवरचा राग आहे तो. बदनामीत पोलीस थेट गुन्हा नोंदवून दारात येत नाहीत. ज्याला वाटतं त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं तक्रार करायची. पूर्वी भादंविचं कलम 499-500 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 356. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात 'किंवा समाजसेवा'. म्हणजे मला गोदाघाट झाडायला लावतील. तो मी एनएसएसमध्ये एकट्यानं झाडलाय, तू फावडं भिंतीला टेकवून भद्रकालीत पळाला होतास.

खरं असेल आणि लोकांच्या भल्याचं असेल तर ती बदनामी नाही, हे त्या कलमातच लिहिलंय. मग त्यानं माझा रिव्ह्यू वाचला आणि 'चोर'वर चमचा ठेवला. "हा शब्द तुला 500 रुपयांनाही परवडायचा नाही." यंदा एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचं प्रकरण निकाली निघालं. त्यांनी बिल्डरविरुद्ध बॅनर लावला होता, बिल्डरनं बदनामीचा खटला भरला. कोर्टानं तो रद्द केला आणि निकालात बॅनरची भाषा तपासली: गळतं, लिफ्ट नीट नाही, असं साधं लिहिलेलं; फसवणूक, अपहार असला शब्द नाही. ढापण्या म्हणाला, डाग लिही, 4:12 लिही, 1500 लिही. चोर कोण ते वाचणारा ठरवेल.

भाच्याचं नाव आणि गाडीचा नंबर चव्हाट्यावर टाकला त्याचं काय, असं विचारलं तर हसला. वैयक्तिक माहितीचा कायदा 2023 चा आहे, नियम आत्ता नोव्हेंबरात आले, आणि हॉटेलांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढं 18 महिने. म्हणजे थेट 2027 चा मे, सिंहस्थाच्या तोंडावर. तोवर साधू येतील, नियम येतील, दोघांना एकदमच ओवाळू.

आणखी एक गंमत. आपण हॉटेलात शिरताना सही ठोकतो ना, त्या कार्डावर मागं मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय: 'व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय पाहुण्यांनी कोणताही अभिप्राय प्रसिद्ध करू नये.' खाली माझी सही, इंग्रजीत, झोकात. भाच्यानं लगेच फोनवर जगभरचे दाखले शोधून जेवताना वाचून दाखवले. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावात एका हॉटेलनं नियमच केला होता म्हणे, लग्नाच्या पाहुण्यांपैकी कोणी वाईट लिहिलं तर लग्नवाल्यांना 500 डॉलर दंड. 2014 मध्ये बोभाटा झाला, आणि 2016 ला तिकडं कायदाच आला की अशी तोंडबंदी करारात घातली तरी ती बाद. तिथवर ठीक. मग त्यानं थायलंडचं काढलं: 2020 मध्ये एका परदेशी मास्तरानं रिसॉर्टबद्दल वाईट लिहिलं, त्याला अटक झाली, दोन दिवस आत राहिला, जामिनावर सुटला आणि पुढं माफी मागून प्रकरण मिटवलं. हिच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच करपली. भाच्याला मी बाहेर काढलं.

आपल्याकडं अशा तोंडबंदीविरुद्ध वेगळा कायदा नाही. ढापण्या म्हणतो, 2019 च्या ग्राहक कायद्यात 'अन्यायकारक करार' आहे, त्यात हे बसवता येईल, पण ते राज्य आयोगाकडं न्यावं लागतं. 1500 रुपये आणि धूरवाली खोली मात्र सरळ इथल्या जिल्हा आयोगात. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत, वकीलही लागत नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्या मुलीनं नीट ऐकून घेतलं रे, मला रडूच यायचं बाकी होतं. गेल्या पंधरा दिवसांत 'मग पुढं काय झालं?' असं विचारणारी ती एकटी.

पण हे सगळं तुला का लिहितोय? नोटिशीनं झोप उडाली नाही. परवा तो मॅनेजर घरी आला, द्राक्षांचं खोकं घेऊन. इथं सोफ्यावर बसला, तुझ्याच जागेवर. म्हणाला, "सर, पाच स्टार द्या, 1500 परत घ्या, नोटीसही मागं. मालक तरुण आहेत, सिंहस्थासाठी कर्ज काढलंय, तुमच्या एका रिव्ह्यूनं दोन लग्नांचं बुकिंग गेलं." हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. आणि मला काय दिसावं? अण्णांच्या लॉजची तक्रार वही. सुतळीनं काउंटरच्या खिळ्याला बांधलेली.

जळगावचा मास्तर आठवतो? एक्क्याण्णवचा सिंहस्थ, खोलीचे दर तिप्पट केलेले, अण्णा गावाला आणि गल्ल्यावर आपण दोघं शहाणे. त्यानं दीड पान लिहिलं, ढेकूण, पाणी, दर, सगळं मुद्देसूद. आणि तू गच्चीवर जाऊन त्याच्या न्हाणीचा व्हॉल्व्ह बंद केलास. तो तोंडाला साबण लावून जिन्यात उभा, पंचा गुंडाळून, हात भिंतीवर चाचपत. आपण खाली काउंटरमागं बसून एकमेकांची तोंडं दाबून हसत होतो. तेवढ्यात अण्णा आले. बोलले काहीच नाहीत. बादली भरली, तीन जिने चढून वर नेली, आणि मास्तरांचे एका दिवसाचे पैसे परत दिले. संध्याकाळी वही उघडली तर पान नाही.

चौतीस वर्षं तू म्हणतोस मी फाडलं आणि मी म्हणतो तू. तुझ्या लग्नात, तुझ्या सासऱ्यांसमोर, मी देवाशप्पथ सांगितलं होतं की तूच.

मी फाडलं, पक्या. ढेकणांसाठी नाही. शेवटच्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, 'उत्तर देणाऱ्या दोन मुलांना वळण नाही.' दोघांना होतं ते, पण त्या वेळी मला वाटलं मलाच. तुकडे करून नाल्यात टाकले. त्या मास्तराकडं एवढी एकच वही होती. आमचा रिव्ह्यू निदान कोणी एकटा फाडू शकत नाही.

द्राक्षं परत पाठवली. (दोन घड हिनं आधीच धुऊन ठेवले होते, त्याचे पैसे खोक्यात ठेवले. हसू नको.) रिव्ह्यू काढला नाही. 'चोर' काढलं, तिथं चादर, वेळ आणि रक्कम लिहिली, नातीचा चेहरा झाकून फोटो जोडला. मालकाच्या उत्तरातली भाच्याची माहिती काढा म्हणून ढापण्यानं उलटी नोटीस दिलीय. आयोगाची तक्रार ऑनलाइन भरली, त्यात त्या नऊ रिव्ह्यूंच्या वेळाही टाकल्यात, पण ते त्यांनीच केले हे सिद्ध कसं करणार? ढापण्या म्हणतो, त्याच्या नादी लागू नको. हिची पोळी मात्र त्यातच अडकलीय. गेल्या आठवड्यात आठ डबे कमी गेले. परीक्षा संपून पोरं गावाला गेली म्हणून असेल असं मी म्हणतो, ती हो म्हणते.

बुधवारनंतर काय होतं ते कळवतो. पुढच्या महिन्यात येतोस का? तपोवनातल्या झाडांवरून गावात रणकंदन चाललंय, तेही बघशील. मुलीचं कॅनडाचं काय झालं? तू नोकरी सोडणार होतास त्याचं? वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्याचं खरंच मनावर घे.

एक विचारायचं राहिलं. अण्णा शेवटी आजारी होते तेव्हा तू रात्री जवळ असायचास. पान कोणी फाडलं ते त्यांनी कधी विचारलं का रे? आणि तू काय सांगितलंस?

तुझा,
बंड्या

ता. क. हॉटेलच्या रिव्ह्यूखाली काल कोणीतरी नवीन लिहिलंय: 'आम्हालाही तोच डाग दाखवला. आमचे 1200 कापले.' ढापण्याला रात्री साडेअकराला उठवून वाचून दाखवलं.